सहा ते साडेनऊ आणि दहा ते पाच

४ ऑगस्ट

मामा,

नमस्कार तुम्हाला, आणि मामीला दुप्पट. पत्र तीच वाचून दाखवणार, कारण तुमचा चष्मा नेहमीसारखा दुरुस्तीला आलेल्या कुठल्यातरी वजनकाट्याच्या पारड्यात पडलेला असणार.

तुम्ही विचारलंत, नर्सिंगचं शिक्षण आणि बसस्थानकावरची नोकरी एकदम कशी जमते? जमत नाही, मी जमवते. सहाला पाच कमी असताना काचेच्या केबिनमध्ये शिरते. सहा ते साडेनऊ माईक माझा. कुठली गाडी आली, कुठली गेली, कुठली मधेच रुसून बसली, सगळं मी सांगायचं. साडेनऊला बायकांच्या विश्रांतिगृहात जाऊन पांढरा गणवेश चढवते, डब्यातलं अर्धं चालता चालता खाते आणि दहाला दोन मिनिटं असताना नर्सिंग स्कूलच्या फाटकात असते. दहा ते पाच वर्ग आणि वॉर्ड. अभ्यास दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. हृदयाचे चार कप्पे अशानेच पाठ झाले. सात चाळीसची गाडी जास्तच उशिरा आली तर यकृतही होतं.

आता खरी गोष्ट. शिकताना दुसरीकडे नोकरी करायची नाही, असा शाळेचा नियम आहे. प्रवेश घेताना मी त्याखाली सही केली आहे. आईला सांगितलंय की नोकरी सोडली. दादा फी भरायला तयार होता, पण अट घालून: पहिलं वर्ष संपलं की तो दाखवेल त्या स्थळाला नाही म्हणायचं नाही. मी त्याला तिथल्या तिथे नाही म्हटलं, म्हणजे सवय राहील.

स्थानकाच्या कंट्रोलर साहेबांकडे ही नोकरी तुमच्या शब्दावर लागली, म्हणून तुम्हाला खरं सांगते. आईपाशी बोलू नका.

तुमची भाची


११ ऑगस्ट

अगं टिटवी,

पाळण्यात होतीस तेव्हापासून तुला टिटवी म्हणतो, कारण तू रडलीस की तीन घरं जागी व्हायची. पण इतकी धीट असशील असं वाटलं नव्हतं. लोक चोरून नोकरी करतात ती गोदामात नाहीतर तळघरात. तू चोरून नोकरी करतेस ती कर्ण्यावरून, चौदा फलाटांना ऐकू जाईल अशी! चोराने ढोल वाजवत घरफोडी करावी तसं झालं हे.

अक्का, तुझी आईसाहेब, परवा येऊन गेली. "पोरगी पत्रात बरी दिसते, पण पत्र फारच छोटं लिहिते," म्हणाली. मी म्हटलं, अभ्यास असतो. खोटं बोललो नाही. उरलेलं गिळलं.

माझं तुला माहीतच आहे. याच काट्यांच्या दुकानात मी झाडू मारायला लागलो आणि आज मालकाच्या खुर्चीवर बसतो. झाडू अजून मीच मारतो. दुसऱ्याने मारलेला मला पटत नाही. तेव्हा कष्टाचं मला कौतुक आहे, पण कष्ट करावेत ते अक्कल शाबूत ठेवून. झोप किती घेतेस? उत्तर आकड्यात दे. "पुरेशी" असं लिहिलंस तर मी ते शून्य समजेन.

मामा

(मामीकडून: नीट खा. यांच्या प्रश्नांची उत्तरं दिली नाहीस तरी चालेल.)


२ सप्टेंबर

मामा,

झोप पाच तास. आता पुढचं बसून ऐका.

काल आम्ही बायकांच्या वॉर्डात होतो. पाळी बदलताना निघणाऱ्या मुलीने येणाऱ्या मुलीला एकेका खाटेची हकिगत सांगायची, अशी पद्धत आहे. समोर आमच्या ट्यूटर मॅडम. उभ्या राहिल्या की भिंतसुद्धा ताठ होते, अशा बाई. माझी पाळी आली. मी कागद धरला, घसा साफ केला, आणि तोंडातून निघालं:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. खाट क्रमांक नऊ, ताप उतरलेला, थोड्याच वेळात घरी जाण्यासाठी निघेल. पुन्हा एकदा ऐका. खाट क्रमांक नऊ..."

दोनदा, मामा! स्थानकावर प्रत्येक घोषणा दोनदा करायची असते ना. दुसऱ्यांदा 'ताप उतरलेला' म्हणताना मला माझाच आवाज ऐकू आला. नऊ नंबरच्या आजी तेवढ्यात उठून बसल्या, गाठोडं काखेत मारलं आणि विचारायला लागल्या, "कुठल्या फलाटावर गं बाई?" सगळा वॉर्ड खो खो हसला. बारा नंबरची बाई, पोटाला टाके पडलेली, उशी पोटाशी धरून ओरडत होती, "हसवू नका गं मेल्यांनो, टाके तुटतील!"

मॅडम मात्र हसल्या नाहीत. शेजारच्या गावाहून त्या रोज बसने येतात हे मला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अस्सं. म्हणजे माझी गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आली आहे, हे उतरल्या उतरल्या मला रोज तूच सांगतेस!"

आज हातात कागद मिळाला. चोवीस तारखेला प्राचार्यांपुढे हजर राहून खुलासा करायचा. नियम मोडला हे सिद्ध झालं तर शाळेतून नाव कमी.

दोन वर्षं राहिलीत, मामा. नाव कमी झालं तर दादाला काय वाटेल ते मला इथून दिसतं. गालातल्या गालात हसेल आणि स्थळांची वही काढेल.

तुमची भाची


६ सप्टेंबर

टिटवी,

त्या आजीच्या गाठोड्यापाशी मी इतका हसलो की गिऱ्हाईक उठून गेलं. पुढचं वाचल्यावर हसू पळालं.

आता माझं ऐक. कबूल करू नकोस आणि नाकारूही नकोस. आवाजाला कुठे चेहरा असतो? जगात सारख्या आवाजाच्या पाच-पंचवीस बायका असतील. विचारलं तर म्हण, रोज स्थानकावरून येते, ऐकून ऐकून तोंडात बसलं. लहान मूलसुद्धा फेरीवाल्याची नक्कल करतं. एवढ्यावर कोणी नाव कापत नाही.

आणि घाईने काही करून बसू नकोस. मी बघतो.

मामा

(मामीकडून: हे 'मी बघतो' म्हणाले की मला धडकी भरते. सांभाळून राहा.)


१५ सप्टेंबर

मामा,

आज सहाला पाच कमी असताना केबिनमध्ये गेले. माझ्या खुर्चीवर दुसरीच मुलगी. तिच्या हातात माझ्या गाड्यांची यादी. माझा चहाचा पेलासुद्धा तिच्यापुढे.

कंट्रोलर साहेब म्हणाले, "अगं, तू कशी आलीस? तब्येतीमुळे सोडतेयस असं तुझे मामा सांगून गेले की. बरी आहेस ना आता?"

मी बरी आहे. तुम्ही बरे आहात का?

शब्द तुमचा होता हे खरं. पण गेलं वर्षभर रोज सकाळी त्या माईकपुढे तुमचा शब्द बसत नव्हता, मी बसत होते. मला न विचारता तुम्ही माझी नोकरी सोडलीत. असं का केलंत ते लिहा. मामीला वाचून दाखवायला सांगू नका, तुम्ही स्वतः वाचा आणि स्वतः लिहा.

भाची


१९ सप्टेंबर

टिटवी,

चष्मा शोधला, स्वतः वाचलं. तरी मामीने मागून उभं राहून वाचलंच.

हो, मी सांगितलं. पार्सलच्या खिडकीवरचा काटा आमच्याकडेच दुरुस्तीला येतो. तो पोचवायला चौदा तारखेला मी स्वतः आलो होतो. तुला भेटलो नाही. बाकावर बसून दीड तास ऐकत राहिलो. माझे कान तुला ठाऊक आहेत. पारडं टेकल्याच्या आवाजावरून मी सांगतो की तळाला मेण चिकटवलंय. सव्वासातच्या घोषणेत तू "फलाट क्रमांक" म्हणालीस आणि पुढे आकडाच आला नाही. माणसं माना वर करून कर्ण्याकडे बघत राहिली. माझे चार श्वास झाले तेव्हा आकडा आला. ती माझी टिटवी नव्हती. झोपेत बडबडणारं माणूस होतं ते.

तिथल्या तिथे ठरवलं. नोकरीच उरली नाही तर शाळा तुझं नाव कशावरून कापणार? खुलाशाच्या कागदातली हवाच गेली. कंट्रोलर आपला माणूस. मी लावली, मी काढली. शिक्षणाचं म्हणशील तर मी आहे. मी काय तुझा दादा आहे अट घालायला?

एवढं करून पोरगी मलाच विचारते, बरे आहात का म्हणून! बरा होतो, तुझं पत्र येईपर्यंत.

मामा

(मामीकडून: मी म्हटलं होतं, आधी तिला विचारा. तर म्हणे, विचारलं तर ती नाही म्हणेल. आता यावर मी काय बोलू?)


२७ सप्टेंबर

मामा,

मामीच्या ओळीतच सगळं आलं. दादाने अट निदान तोंडावर सांगितली. तुम्ही ती सांगितलीही नाहीत, परस्पर लावून मोकळे झालात.

फलाटाच्या आकड्याचं ऐका. आकडा कंट्रोलर साहेब चिठ्ठीवर लिहून देतात. त्या दिवशी गाडी तीनवर लावायची की पाचवर, हे त्यांचंच ठरत नव्हतं. मी चिठ्ठीची वाट बघत होते. तुमच्या कानांना आकडा गळलेला ऐकू आला, साहेबांचं डोकं खाजवणं ऐकू आलं नाही.

त्याच साहेबांकडे मी खुर्ची गेल्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. विचारलं, "साहेब, मला कामावर घेताना कागदावर सही कुणाची होती?"

"तुझी."

"आणि सोडताना?"

"सोडताना... मामांनी तोंडी सांगितलं ना."

"मग उद्या तुमच्या मेहुण्यांनी येऊन सांगितलं की साहेब तब्येतीमुळे खुर्ची सोडतायत, तर?"

साहेब विचारात पडले. म्हणाले, "सांगेलही लेकाचा, त्याचा भरवसा नाही." मग म्हणाले, "एक तारखेपासून ये. पण त्या नव्या पोरीला मी काढणार नाही, तिलाही गरज आहे. दोघी मिळून काय ते बघा."

आता चोवीस तारीख. प्राचार्या, मेट्रन आणि ट्यूटर मॅडम टेबलाच्या पलीकडे, मी अलीकडे. तुमचा नक्कल करणाऱ्या मुलाचा सल्ला मी पर्समध्येच ठेवला. सरळ सांगितलं: होय, नोकरी करत होते. माझ्या नकळत ती सुटली होती, मी परत मिळवली, आणि पुढेही करणार आहे. नियम ठाऊक होता, सही माझीच आहे.

प्राचार्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "नियम कशासाठी आहे माहीत आहे? दमलेल्या हाताने औषध चुकतं. आणि ते चुकतं तेव्हा किंमत खाटेवरचा माणूस मोजतो."

मी म्हटलं, "माझे तक्ते काढा. एकूण एक. माझ्या हातून काय चुकलंय ते दाखवा, आणि त्यावरून ठरवा."

काढले. ट्यूटर मॅडमनी तीन महिन्यांचे ताप-नाडीचे तक्ते ओळीने तपासले. पाऊण तास लागला. शेवटी एका चौकोनावर बोट ठेवलं. एकोणीस ऑगस्ट, खाट क्रमांक चार, दुपारी दोनची नाडी. चौकोन रिकामा.

"इथे काय झालं?"

"पेंगले होते. अडीचला जाग आली. आकडा मनाने भरला नाही."

मेट्रन पुटपुटल्या, "मनाने भरणाऱ्या खूप बघितल्या."

प्राचार्यांनी विचारलं, "नोकरी करणारी तू एकटीच आहेस का?" मी म्हटलं, "माझं मी सांगितलं. दुसऱ्या कुणाचं मी सांगणार नाही." तेवढ्यात दार उघडलं. आमच्या वर्गातल्या मुली बाहेर कान लावून उभ्या होत्या. पहिली आत आली ती हजेरीतली सहा नंबरची, जिच्या बोटांना कायम सुईचे टोचे असतात. म्हणाली, "मी शिलाईच्या दुकानात जाते, मॅडम. साडेपाच ते आठ." तिच्यामागून शिकवण्या घेणारी. मग औषधाच्या दुकानातली. "मीपण." "मीपण, मॅडम." चौतीस मुलींच्या वर्गातल्या, माझ्यासकट, अकराजणी त्या खोलीत उभ्या राहिल्या.

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. निकाल असा: शाळेला पुढे आठ दिवसांची सुट्टी आहे, ती संपल्यावर, दहा तारखेपर्यंत, अकराजणींनी लेखी द्यायचं, शाळा की नोकरी. जी नोकरी लिहील तिचं नाव कमी. जी लिहून देणार नाही तिचंही नाव कमी.

मी काय लिहायचं ते मी ठरवते आहे. तुम्ही काही बघू नका.

भाची


४ ऑक्टोबर

टिटवी,

माझं चुकलं. हे दोन शब्द लिहायला दोन कागद फाडले. पहिल्या कागदावर 'चुकलं, पण' असं झालं होतं. मामीने 'पण' बघितला आणि कागद फाडला. दुसऱ्यावरही तेच.

सल्ला देत नाही. विचारलास तर देईन.

एक गोष्ट मात्र तुला न विचारता झाली, सवय एकदम जात नाही. अक्काने मला समोर बसवून सरळ विचारलं, "पोरगी काय लपवतेय?" तिच्यापुढे माझी कधी मात्रा चालली आहे? सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर दादाला बोलावून घेईल. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मला शिकायचं होतं तेव्हा शाळा नि नोकरी यातलं 'एक' मागायचीसुद्धा हिंमत झाली नाही. हिला सांग, आता माघार घेऊ नकोस. घेतलीस तर माझ्याशी वर्षभर खोटं बोललीस ते फुकट गेलं."

मी गार पडलो. ही माझीच बहीण ना, हे बघायला दिवा जवळ नेला.

म्हणतात, टिटवीदेखील समुद्र आटवते. लहानपणी मी ती म्हण तुला चिडवायला वापरायचो. आता चिडवायला म्हणून वापरत नाही, एवढंच.

मामा

(मामीकडून: अक्का दादाला म्हणाल्या, स्थळांची वही रद्दीत घाल. त्याने घातली नाही, पण कपाटावर वरती ठेवली आहे. शिडी लागेल.)


१२ ऑक्टोबर

मामा,

आधी एक कबुली. फलाटाच्या आकड्याचं मी तुम्हाला खोटं सांगितलं. चिठ्ठी समोरच होती. मी डोळे उघडे ठेवून पेंगले होते. प्राचार्यांपुढे खरं बोलले आणि तुमच्याशी भांडण जिंकायला खोटं बोलले. तुमचे कान बरोबर होते. तरीही नोकरी सोडवायचा हक्क त्या कानांना नव्हता, हे माझं म्हणणं कायम आहे.

त्या चार श्वासांचा मी खूप विचार केला, आणि एकोणीस ऑगस्टच्या चौकोनाचाही. प्राचार्यांचं म्हणणं खोटं नाही. मग नव्या मुलीबरोबर बसले आणि आठवड्याची वाटणी केली. वॉर्ड असतो तो मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार. हे तीन दिवस माईक तिचा आणि सकाळची झोप माझी. बाकीचे दिवस माईक माझा. हातात कमी येईल. वरच्या खोलीतून खालच्या, दोघींच्या खोलीत राहायला आले आहे. शिलाईवालीने वॉर्डाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ दुकानातून सोडवून घेतली. औषधाच्या दुकानातली आता फक्त शनिवार-रविवार जाते. अकराजणींनी एकमेकींचे तास घेऊन असे कापले, जोडले, उसवले आणि परत शिवले.

मग लेखी दिलं. शाळा की नोकरी, या प्रश्नाखाली अकराजणींनी एकच शब्द लिहिला: दोन्ही. न ठरवता लिहिला असं म्हणणार होते, पण खोटं कशाला? ठरवूनच लिहिला. त्याखाली प्रत्येकीने आपापले वार आणि तास मांडले, आणि शेवटी एक वाक्य: वॉर्डात पेंगताना दिसले तर त्याच दिवशी माझं नाव कमी करावं. हे वाक्य माझं. ते मला लिहायचंच होतं.

दहा तारखेला कागद दिले. प्राचार्यांनी अकराही वाचले. वर न बघता म्हणाल्या, "मी एक निवडायला सांगितलं होतं." सहा नंबर म्हणाली, "हो मॅडम. आम्ही ऐकलं." बस्स. त्यांनी कागद खणात टाकले आणि आम्हाला जायला सांगितलं.

कालचा दिवस आम्ही कसा काढला ते विचारू नका. कोणी काही बोललं नाही, फळ्यावर सूचना लागली नाही. आज दहाला वर्ग भरला. प्राचार्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. ट्यूटर मॅडमनी हजेरीची वही उघडली. ज्यांची नावं कमी होतात त्यांचे नंबर वाचतच नाहीत, पुढचा वाचतात. तसं कळतं.

"एक." "हजर." "दोन." "हजर." पाचनंतर मॅडम थांबल्या. दाराकडे पाहिलं. प्राचार्या हाताची घडी घालून उभ्या. काही बोलल्या नाहीत, मानही हलवली नाही.

"सहा," मॅडम म्हणाल्या.

शेजारणीने ढोसलं तेव्हा सहा नंबरचं "हजर" आलं. मग आमच्यातली अकरा आली, तेरा आली, चौदा आली. प्राचार्या वळल्या आणि वऱ्हांड्यातून निघून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज जिना उतरेपर्यंत कोणी हललं नाही. भिंतीवरचा नियमांचा कागद जिथल्या तिथे आहे, मामा. कोणी काढला नाही, कोणी खोडला नाही. आम्ही त्याच्याखाली बसलो होतो.

"सतरा."

"हजर!"

मॅडमनी शाईच्या पेनाने खूण केली. चौतीसपर्यंत एकही नंबर न गाळता वाचून वही मिटता मिटता माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सतरा, टोपी वाकडी आहे. सरळ कर आणि चल, वॉर्डात पेशंट खोळंबलेत."

मी टोपी सरळ केली आणि निघाले.

तुमची भाची